‘काहीच नाही जमलं तर डी.एड. कर!’

बारावीचा निकाल लागला की आपल्याकडे सल्ल्यांचा एक ठरलेला उतरता क्रम असतो. आधी मेडिकल, मग इंजिनिअरिंग, मग बी.सी.ए., बी.कॉम., मग ‘एमपीएससीचं बघू’ आणि अगदी तळाला, आवाज जरा खाली आणून, ‘काहीच नाही जमलं तर डी.एड. कर’. समोर मुलगी असेल तर पुढचं वाक्य तयारच असतं, ‘मुलींसाठी बरंय, घर सांभाळून होतं.’ कोर्सचं अधिकृत नाव बदलून डी.एल.एड. झालंय, पण सल्ला अजून जुन्याच नावाने फिरतो.

हा सल्ला किती चुकीचा आहे, हे मला कुठल्या अहवालात सापडलं नाही. माझी मावसबहीण बीड जिल्ह्यात डी.एल.एड.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. वय वीस. ऑगस्टपासून ती एका जिल्हा परिषद शाळेत इंटर्नशिप करतेय. त्यांच्या भाषेत आंतरवासिता. रात्री साडेनऊला तिचा फोन येतो आणि ‘ताई, आज काय झालं माहितीये का’ इथून जे सुरू होतं ते मी गेले पाच महिने ऐकतेय. डिसेंबरमध्ये दोन दिवस मी तिच्या वर्गात मागच्या सतरंजीवर बसूनही आले. त्यावरून माझं एक मत झालंय. लहान मुलांना शिकवणं हे शिक्षणातलं सगळ्यात अवघड काम आहे आणि ते फक्त वर्गातच शिकता येतं. तेही शेजारी कुणीतरी जाणतं माणूस असेल तर. आपण मात्र या शिकाऊ शिक्षकांच्या हातात फायली देतो आणि शेजारच्या माणसाला दुसऱ्याच कामाला लावतो.

आधी शाळा कशी आहे ते सांगते. पहिली ते चौथी, पट ४७, शिक्षक दोन. यात बेकायदा काही नाही. शिक्षण हक्क कायद्यात प्राथमिक शाळेत ६० मुलांपर्यंत दोनच शिक्षक सांगितलेत. वर्ग चार आणि शिक्षक दोन, म्हणजे एका शिक्षकाकडे कायम दोन वर्ग. पहिलीला अक्षरं देऊन बसवायचं, तोवर दुसरीला बेरीज सांगायची, बेरीज सांगून होते न होते तोवर पहिलीतल्या कुणाला तरी शू लागलेली असते. यालाच पुस्तकात ‘बहुवर्ग अध्यापन’ असं भारदस्त नाव आहे. ही सगळी कसरत माझ्या बहिणीच्या वाट्याला पहिल्या आठवड्यापासून आली, कारण ती आली म्हटल्यावर एक सर निर्धास्तपणे तालुक्याला जाऊ शकतात. कधी मतदार यादीचं काम, कधी ऑनलाइन माहिती भरायची, कधी पोषण आहाराचा हिशेब. कायद्याच्या कलम २७ नुसार शिक्षकाला जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून दुसरं अशैक्षणिक काम देता येत नाही. प्रत्यक्षात मोबाइलवर ‘आज दुपारी १२ पर्यंत माहिती भरावी’ असा मेसेज आला की कलम बिलम कुणाच्या लक्षात राहत नाही.

आता वर्गात काय होतं ते. दुसरीचं गणित. तिने फळ्याकडे पाठ करून अंक सांगितले आणि मुलांनी पाटीवर लिहायचे. ती म्हणाली, ‘तेवीस.’ चार पाट्यांवर ३२. ‘पंचवीस.’ तीन पाट्यांवर ५२. ‘एकोणतीस’ला तर ३१ पासून ३९ पर्यंत सगळी रेंज आली. तिला वाटलं, मुलांना शंभरपर्यंत अंकच येत नाहीत. पण पाठ म्हणायला सांगितलं तर तीच पोरं एका सुरात एकपासून शंभरपर्यंत धडाधड जात होती.

ही भानगड आपल्या भाषेतच आहे. मराठीत आपण ‘तेवीस’ म्हणतो तेव्हा तीन आधी बोलतो आणि वीस नंतर. लिहिताना मात्र दोन आधी. कान सांगतो एक आणि हाताने करायचं त्याच्या उलट. एकोणतीसमध्ये तर तीस ऐकू येतं आणि लिहायचे असतात विसातले! तुम्हाला आठवत असेल, २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस तीन’, ‘साठ तीन’ असं संख्यावाचन आलं होतं. सोशल मीडियावर तेव्हा मीम्सचा पाऊस पडला, विधानसभेतही त्यावर कोट्या झाल्या. बालभारतीच्या गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर तेव्हा समजावून सांगत होत्या की हा जोडाक्षरांचा आणि उलट्या क्रमाचा अडथळा लहान मुलांना खरंच अडतो, कन्नड-तेलुगू-तमिळमध्ये दहाचा आकडा आधी येतो, तिथे ही अडचण नाही. पद्धत बदलावी की नाही यावर वाद होऊ शकतो. पण विनोद करणाऱ्या किती जणांनी सात वर्षांच्या मुलाला ‘तेवीस’ म्हणून सांगून त्याच्या पाटीवर काय येतं ते पाहिलं होतं?

माझ्या बहिणीने पाहिलं. आणि मग ती दोन दिवस अडकली. टाचण वहीत लिहिलं होतं ‘शैक्षणिक साहित्य: काड्यांचे गठ्ठे’. तिने रबरबँड लावून दहा-दहा काड्यांचे गठ्ठे केले, ‘हा एक दशक’ म्हणाली. पोरं नुसतीच बघत बसली. दशक हा शब्द त्यांच्या जगात कुठेच नाही. तिसऱ्या दिवशी तिला सुचलं आणि तिने विचारलं, ही मोळी आहे असं समजू या का? या गावातली निम्मी घरं ऊसतोडीला जाणारी आहेत. मोळी म्हटल्यावर सगळ्यांचे डोळे चमकले. लगेच एक जण उठून म्हणाला, ‘मॅडम, मोळीत दहा नस्त्यात. लई अस्त्यात.’ मग मोळीत किती ऊस असतात यावर वर्गात जी चर्चा रंगली ती पंधरा मिनिटं चालली. कुणी म्हणे आई बारकी मोळी बांधते, कुणी म्हणे बाप मोठी उचलतो. शेवटी वर्गाने ठराव केल्यासारखं ठरवलं की शाळेतली मोळी दहाचीच. दोन मोळ्या आणि तीन सुटे, लिहा. या वेळी फक्त एका पाटीवर ३२ आलं.

ही गोष्ट ती मला फोनवर सांगत होती तेव्हा तिचा आवाज एखादी मॅच जिंकल्यासारखा होता. मी विचारलं, मग हे टाचणात लिहिलंस का? ती म्हणाली, ‘नाही गं. टाचण आधीच लिहून, सही घेऊन ठेवलेलं असतं. त्यात मोळीला कॉलम नाही.’

डी.एड.वाल्यांच्या टाचण वह्या तुम्ही कधी पाहिल्यात का? एकदा पाहा. घटक, उपघटक, उद्दिष्टे, अध्ययन निष्पत्ती, शैक्षणिक साहित्य, शिक्षक कृती, विद्यार्थी कृती, फलकलेखन, मूल्यमापन, स्वाध्याय. त्यात प्रस्तावना आणि हेतुकथन वेगळं. हेतुकथन म्हणजे ‘मुलांनो, आज आपण अमुक शिकणार आहोत’ हे वाक्य. ही पायऱ्यांची पद्धत हर्बार्ट या जर्मन विचारवंताच्या नावाने ओळखली जाते. तो १८४१ मध्ये वारला, त्याच्या पायऱ्या मात्र आपल्या वह्यांमध्ये ठणठणीत आहेत. पाठाचं आधी नियोजन करावं यात चूक काही नाही. चूक अशी आहे की या वहीत ‘विद्यार्थी कृती’चा रकानाही शिक्षकच आदल्या रात्री भरतो. ‘विद्यार्थी लक्षपूर्वक ऐकतात.’ ‘विद्यार्थी योग्य उत्तर देतात.’ मूल उद्या काय करणार हे आजच लिहून त्यावर सही झालेली असते. मग उद्या मुलाकडे बघायचं कशाला?

वाचनाचंही असंच. पहिल्या महिन्यात तिने मला अभिमानाने सांगितलं होतं की दुसरीतला एक मुलगा अख्खा धडा न अडखळता वाचतो. दोन आठवड्यांनी तिच्या लक्षात आलं की पान उलटायचं राहिलं तरी तो पुढचंच ‘वाचतोय’. त्याला धडा पाठ होता. चित्रावर नजर ठेवून तो धडा म्हणत होता, वाचत नव्हता. तिने चित्र झाकलं, मधल्याच एका शब्दावर बोट ठेवलं आणि विचारलं, हे काय आहे? तो गप्प. असं मूल आपल्या सगळ्यांच्या वर्गात होतं, आठवून बघा. पाचवी-सहावीपर्यंत ते असंच तरून जातं आणि मग एक दिवस गणिताच्या शाब्दिक उदाहरणावर येऊन थांबतं. ‘असर’च्या सर्वेक्षणात मुलाला आधी अक्षर, मग शब्द, मग छोटा परिच्छेद, मग दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचायला देतात, ते याचसाठी. दर वेळी त्याचे आकडे आले की आपण एक दिवस हळहळतो. हा मुलगा त्या आकड्यांमधलाच एक आहे. त्याला शोधायला कुणीतरी त्याच्या शेजारी मांडी घालून बसावं लागतं आणि बोट कुठे ठेवायचं हे माहीत असावं लागतं.

या पाच महिन्यांत तिला कुणी काय शिकवलं असेल, तर ते एका दुपारी, दहा मिनिटांत. तिसरीतली एक मुलगी वाचत होती. पुस्तकात होतं ‘होता’, ती वाचत होती ‘व्हता’. ‘आणि’चं ‘आन्’. माझी बहीण प्रत्येक ठिकाणी थांबवून दुरुस्त करत होती. चौथ्या दुरुस्तीनंतर मुलगी पुस्तक मिटून बसली. योगायोगाने त्या दिवशी मोठे सर शाळेत होते, मागे बसून रजिस्टर भरत होते. मधल्या सुट्टीत ते तिला म्हणाले, ‘ती चुकत न्हवती. अक्षर बघून अडली असती तर ‘होता’ला ‘हो…ता’ केलं असतं. तिला अर्थ कळाला, म्हणून तिनं तो घरच्या बोलीत सांगितला. तिला वाचू द्या. गोष्ट संपली की मग पुस्तकात कसं लिहिलंय ते दाखवा.’

मला हे ऐकून थक्क व्हायला झालं. किती बारीक निरीक्षण आहे हे! हे त्या सरांना कुठून आलं? तीस वर्षं मुलांचं वाचन ऐकून. हे सर रोज अर्धा तास जरी तिच्या मागे बसले असते, तर तिच्या दोन वर्षांच्या कोर्सचं सोनं झालं असतं. पण सरांना तालुक्याला जायचं असतं.

आणि कॉलेजकडून? कॉलेजकडून एकदा पाठ निरीक्षण झालं. निरीक्षण करणारे एका दिवसात तीन शाळा करत होते, त्यामुळे पाठ बारा मिनिटं पाहिला. शेरा आला, ‘आवाज चांगला. फलकावर दिनांक लिहावा.’ त्यांनाही दोष देता येत नाही, त्यांच्याकडेही माणसं कमी आहेत. पण त्या बारा मिनिटांत कोण मूल वाचतंय आणि कोण म्हणतंय, यावर एक शब्द नाही.

इथे माझ्या इंटर्नशिपची तुलना केल्याशिवाय राहवत नाही. मीही इंटर्नच आहे. माझी तीनशे शब्दांची बातमी डेस्कवरून तीनदा परत येते. इंट्रो बदल, हे वाक्य कोण म्हणालं, हा आकडा कुठून आणला. राग येतो, पण शिकते. माझ्या प्रत्येक चुकीवर नजर ठेवायला दोन अनुभवी माणसं आहेत आणि तरी काही निसटलं तर दुसऱ्या दिवशी खुलासा छापता येतो. तिच्यासमोर ४७ मुलं आहेत आणि मागे कुणी नाही. दुसरीच्या मुलाची वाचायची वेळ निघून गेली तर त्याचा खुलासा कुठल्या पानावर छापायचा?

मागच्या सतरंजीवर बसलेली असताना मी आणखी एक गोष्ट मोजली. पट ४७, हजर २१. दसरा-दिवाळी झाली की गावात मुकादमांचे ट्रक आणि ट्रॅक्टर लागतात. नवरा-बायकोचं मिळून एक ‘कोयता’, त्यावर उचल घेतलेली, त्यामुळे जावंच लागतं. कुणी पश्चिम महाराष्ट्रात, कुणी कर्नाटकात. ज्यांच्या घरी आजी-आजोबा आहेत त्यांची मुलं हंगामी वसतिगृहाच्या सोयीमुळे गावात राहतात, बाकीची आईबापाबरोबर जातात. थोरली बहीण धाकट्याला सांभाळायला जाते, हे तर सांगायलाच नको. गळीत हंगाम संपवून ती परत येतात तेव्हा वर्ष संपत आलेलं असतं.

धडा ‘म्हणणारा’ तो मुलगा ऑक्टोबरपर्यंत दोन-तीन अक्षरी शब्द वाचायला लागला होता. काना, मात्रा, पहिली वेलांटी झाली होती. जोडाक्षरं राहिली होती. दिवाळीनंतर शाळा उघडली तेव्हा त्याची जागा रिकामी होती. ‘ताई, अजून तीन आठवडे मिळाले असते ना,’ एवढंच ती म्हणाली. मला काही बोलायला सुचलं नाही. अशा मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड असतं, ते दाखवून जिथे जाईल तिथल्या शाळेत बसता येतं. पण उसाच्या फडाजवळ शाळा किती लांब आणि नव्या शाळेतल्या बाईंना हा मुलगा कुठपर्यंत आलाय हे सांगणार कोण? कार्डावर इयत्ता असते. तो ‘कमळ’ वाचतो पण ‘पुस्तक’ला अडतो, हे कार्डावर नसतं.

तारा मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला कुरणशाळा चालवली होती. गुरं राखायला जाणारी मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर त्यांनी शाळाच कुरणात नेली. आपल्याकडेही साखर कारखान्यांच्या परिसरात साखरशाळा चालायच्या. म्हणजे मूल कुठे आहे ते पाहून शाळेने जागा बदलायची, ही कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. मग शिकाऊ शिक्षकांच्या इंटर्नशिपमध्ये ती का येऊ नये? हंगामात काही आठवडे त्यांना ऊसतोड कामगारांच्या तळावर, तिथल्या जवळच्या शाळेत का पाठवू नये? अर्थात राहण्या-जेवण्याची, सुरक्षिततेची सोय करून आणि सोबत शिक्षक देऊन. नाहीतर पुन्हा तेच, फुकट मनुष्यबळ.

फुकट मनुष्यबळ हा शब्द मी मुद्दाम वापरलाय. माझ्या बहिणीला या महिन्यांचे पैसे मिळत नाहीत, एसटीचा पास ती स्वतःच्या खर्चाने काढते. काही जण म्हणतात, शाळांमध्ये शिक्षकच कमी आहेत, मग छात्रशिक्षकांनी वर्ग सांभाळला तर बिघडलं कुठे, त्यांनाही अनुभव मिळतो. मला हा युक्तिवाद पटत नाही. शिकाऊ डॉक्टरला कुणी सांगत नाही की आज सर्जन मीटिंगला गेलेत, तू ऑपरेशन उरकून घे, अनुभव मिळेल. वर्ग सांभाळणं म्हणजे मुलं भिंतीवर चढणार नाहीत एवढं बघणं, आणि ते ती तिसऱ्याच दिवशी शिकली. बोट कुठे ठेवायचं हे शिकायला वेळ लागतो, आणि एका वेळी दोन वर्ग अंगावर असताना ते होतच नाही.

गंमत म्हणजे प्राथमिकचं शिकवणं हे वेगळं कौशल्य आहे, हे देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलंय. ११ ऑगस्ट २०२३ च्या निकालात कोर्टाने सांगितलं की बी.एड. झालेला उमेदवार पहिली ते पाचवीला शिकवायला पात्र धरता येणार नाही, कारण ते प्रशिक्षण लहान मुलांसाठी नाही. म्हणजे ज्याला आपण बी.एड.पेक्षा खालचा कोर्स समजतो, त्याची जागा बी.एड.ला घेता येत नाही. एवढं स्पष्ट असताना या कोर्सकडे मुलं का फिरकत नाहीत? उत्तर सगळ्यांना माहीत आहे. टीईटी द्या, मग टेट द्या, मग पवित्र पोर्टलवर वाट बघा. टेट पहिल्यांदा २०१७ च्या डिसेंबरमध्ये झाली आणि दुसऱ्यांदा थेट २०२३ मध्ये. मधल्या काळात ज्यांचा कोर्स झाला त्यांनी काय करायचं होतं? त्यात २०२१ मध्ये टीईटीचा घोटाळा बाहेर आला, प्रामाणिकपणे अभ्यास करणाऱ्यांचाही त्यावरचा विश्वास उडाला. एवढं करून लागलाच नंबर तर पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक. त्याचं मानधन प्राथमिकला महिना ६ हजार होतं, ते १ जानेवारी २०२३ पासून १६ हजार झालं. वाढ चांगलीच आहे, पण पोरांना वाचायला शिकवण्याची ही किंमत आहे, हेही लक्षात राहू द्या. कॉलेजं ओस पडली, अनेक बंद झाली. यात नवल काय?

आता नव्या शैक्षणिक धोरणानुसार २०३० पर्यंत शिक्षक व्हायला चार वर्षांचा एकात्मिक बी.एड. ही किमान पात्रता होणार आहे. दोनाची चार वर्षं होतील, अभ्यासक्रम जाडजूड होईल, कॉलेजच्या पाट्या बदलतील. माझी शंका एवढीच आहे की चार वर्षं झाली तरी वर्गातला तो वेळ कसा जाणार? टाचणांची संख्या दुप्पट झाली तर त्याने काहीही साधणार नाही.

मला विचाराल तर पाठांची संख्या कमी करा. चाळीस मुलांसमोर तीस नमुना पाठ घेण्याऐवजी प्रत्येक शिकाऊ शिक्षकाच्या हाती पाच मुलं द्या आणि जूनपासून मार्चपर्यंत त्यांचं वाचन-गणित कुठून कुठे गेलं याची नोंद ठेवायला सांगा. टाचण आधी असू दे, पण मार्क पाठ झाल्यानंतरच्या पानाला द्या. काय ठरवलं होतं, काय झालं, कोणतं मूल कुठे अडलं, उद्या काय वेगळं करणार. शाळेतल्या एका अनुभवी शिक्षकाला रोजचा एक तास फक्त याच कामासाठी मोकळा द्या आणि तो तास त्याच्या कामात धरा. उपकार म्हणून नको. आणि छात्रशिक्षकाला प्रवासखर्च तरी द्या. यात काही क्रांतिकारक नाही. ‘निपुण भारत’ अभियान २०२१ मध्ये सुरू झालं ते तिसरीपर्यंतच्या प्रत्येक मुलाला वाचता आणि मोजता यावं म्हणूनच. ते उद्दिष्ट गाठायचं तर वर्गात शिकाऊ हात आहेतच, त्यांना नेमकं काय पाहायचं ते शिकवा.

आणि आपण, म्हणजे तुम्ही-मी, कॉलेजात असणारे? आपल्या बॅचमध्ये कुणी डी.एल.एड. करत असेल तर त्याला ‘मग पुढे काय?’ विचारण्याआधी ‘आज वर्गात काय झालं?’ हे विचारून बघा. गॅरंटी देते, आपल्या कुठल्याही ग्रुप प्रोजेक्टपेक्षा भारी किस्से निघतील. सहा वर्षांचं मूल ‘ळ’ कसं काढतं, दोन भावंडं एकाच डब्यातून खाताना भागाकार कसा करतात, रागावल्यावर कोण रडतं आणि कोण हसतं. हे ऐकून कुणाला वाटलंच की आपणही हे करावं, तर ते ‘काहीच नाही जमलं’ म्हणून वाटलेलं नसेल.

माझ्या बहिणीची इंटर्नशिप मार्चमध्ये संपेल. फाइल जमा होईल, व्हायवा होईल. ऊसतोडीला गेलेली मुलं परत येतील तेव्हा ती त्या शाळेत नसेल. गेल्या आठवड्यात तिने एक काम केलं, कुणी सांगितलं नव्हतं. दुरेघी वहीतली काही पानं घेतली आणि गेलेल्या प्रत्येक मुलाच्या नावाने चार-पाच ओळी लिहिल्या. याला काना-मात्रा येतो, जोडाक्षर नाही. हिला हातच्याची बेरीज येते, वजाबाकीत उसने घेताना गोंधळ होतो. हा चित्र पाहून अंदाजाने म्हणतो, चित्र झाकून विचारा. ती पानं तिने मोठ्या सरांकडे दिली. सरांनी ती वाचली आणि मुकादमाच्या फोनवर दोन पालकांशी बोलून मुलं सध्या कोणत्या गावाजवळ आहेत ते विचारून घेतलं. त्यातल्या एका ठिकाणच्या शाळेत पानाचा फोटो पाठवून झालाय. दुसऱ्या गावातल्या शाळेचा नंबर अजून मिळालेला नाही, सर शोधतायत.